ग्रह आधी आकाशात, मग पुस्तकात: डोळे, वही आणि द्विनेत्री घेऊन सूर्यमालेची ओळख

आठवड्याचे वार एकदा सलग म्हणून बघा: रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारी सगळी सूर्यमाला या सात नावांत आली. दुर्बीण माहीतही नव्हती त्या काळात माणसांनी रात्रीमागून रात्री आकाश पाहिलं, जागचे न हलणारे हजारो ठिपके बाजूला ठेवले आणि हलणारे नेमके वेगळे काढले. आज बहुतेकांना ग्रहांची नावं क्रमानं पाठ असतात, पण संध्याकाळी पश्चिमेला लुकलुक न करता जळणारा तो ठिपका कोणता, असं विचारलं की पंचाईत होते.

म्हणून या लेखात मी क्रम उलटा ठेवला आहे. आधी ग्रह आकाशात सापडला पाहिजे आणि तो सरकताना आपल्याला दिसला पाहिजे. त्याचा व्यास, त्याचं अंतर, त्याचं वर्ष हे सगळं त्यानंतर. गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळपास १२ वर्षं लागतात हे वाक्य मी शाळेत कितीतरी वेळा लिहिलं असेल. ते मला कळलं मात्र दोन वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा. एका वर्षात गुरू बरोबर एक रास पुढे गेला होता. राशी बारा. हिशोब समोरच होता.

सुरुवातीला काय लागतं

न रेघा मारलेली वही, पेन्सिल आणि मंद लाल उजेड देणारी छोटी बॅटरी. लाल उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. हा सराव व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि फोनचा पांढरा पडदा एकदा बघितला की सगळं मुसळ केरात. टेलिस्कोपची घाई करू नका. पहिले तीन-चार महिने त्याची गरजच नाही.

शहरात राहणाऱ्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) आणि आकाशगंगेचा पट्टा दिव्यांच्या झगमगाटात हरवतात हे खरं, पण शुक्र आणि गुरू रस्त्यावरच्या दिव्याखाली उभं राहूनही दिसतात. ग्रहांचं निरीक्षण हा खगोलशास्त्रातला सर्वांत सोपा दरवाजा आहे तो यामुळेच.

पहिली पायरी: ग्रहांची वाट ओळखा

ग्रह आकाशात कुठेही दिसत नाहीत. ते एका ठरावीक पट्ट्यात राहतात आणि हा पट्टा शोधणं हेच पहिलं काम. सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या मार्गानं सरकताना दिसतो त्याला क्रांतिवृत्त म्हणतात. चंद्र आणि सगळे ग्रह याच मार्गाच्या आसपास असतात. चंद्राची कक्षा त्याच्याशी सुमारे ५ अंश कललेली आहे, बुधाची ७ अंश, आणि बाकीच्या ग्रहांची साडेतीन अंशांहूनही कमी.

ही वाट शिकायचा उत्तम मार्ग म्हणजे महिनाभर चंद्राच्या मागे लागणं. अमावास्येनंतर दोन दिवसांनी पश्चिमेला बारीक कोर दिसते, तिथून सुरू करा. रोज ठरलेल्या वेळी बघितलंत तर चंद्र दररोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकलेला दिसेल. त्याच्या शेजारी कोणता ठळक तारा आहे ते लिहून ठेवा. काही महिन्यांत ओळखीचे खुणेचे तारे जमा होतील: कृत्तिकांचा पुंजका, लालसर रोहिणी, पुनर्वसूची जोडी, मघा, चित्रा, आणि वृश्चिकातली तांबडी ज्येष्ठा. हे या रस्त्यावरचे मैलाचे दगड समजा. त्यांच्या आसपास एखादा ठळक ठिपका दिसला आणि तो ताऱ्यांच्या नकाशात नसेल, तर तो जवळजवळ नक्की ग्रह असतो. उलट, ध्रुवताऱ्याजवळ किंवा सप्तर्षींमध्ये ग्रह कधीच दिसणार नाही.

सगळे ग्रह एकाच पट्ट्यात का, याचं उत्तर सूर्यमालेच्या जन्मात आहे. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक मोठा ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं आकसत गेला. आकसताना त्याचं फिरणं वाढलं आणि फिरता फिरता तो चपटा झाला, तबकडीसारखा. मध्यभागी सूर्य पेटला, आणि भोवतीच्या तबकडीत उरलेल्या मालातून ग्रह घडले. ती तबकडी आपण आतून, तिच्या कडेनं पाहतो, म्हणून आकाशात ती एक रेष दिसते. एखाद्या संध्याकाळी चंद्र, शुक्र आणि गुरू एका ओळीत आले की मला दर वेळी तीच जुनी तबकडी दिसते. ती ओळ योगायोगानं जमलेली नसते.

दुसरी पायरी: हातानं मोजायला शिका

आकाशातलं अंतर अंशांत मोजतात आणि मोजपट्टी आपल्याच हाताला आहे. हात समोर पूर्ण ताणून एक डोळा मिटा. करंगळीची रुंदी साधारण १ अंश, आणि मुठीची रुंदी साधारण १० अंश. लहान मुलाचा हात आखूड आणि मूठही लहान, त्यामुळे हे गणित सगळ्यांना लागू पडतं. पौर्णिमेचा चंद्र किती मोठा वाटतो! पण तो अवघ्या अर्ध्या अंशाचा आहे, ताणलेल्या हाताच्या करंगळीआड सहज लपतो. करून बघा, पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

आता तारा की ग्रह हे ओळखायचं. तारे लुकलुकतात, ग्रहांचा प्रकाश बहुधा स्थिर असतो. तारा इतका दूर असतो की त्याचा प्रकाश एका बिंदूतून आल्यासारखा येतो आणि हवेच्या थरांत जरा हलला की डोळ्याला जाणवतो. ग्रह मात्र बारीकशी चकती असते. तिच्या वेगवेगळ्या भागांतून येणारे किरण वेगवेगळे हलतात आणि एकमेकांचं हलणं झाकून टाकतात. पण क्षितिजालगत हवेचा थर फार जाड असतो, तिथे ग्रहही लुकलुकतो. म्हणून ही परीक्षा ठिपका दोन-तीन मुठी वर आल्यावरच घ्यावी.

तिसरी पायरी: पाच ग्रह, एकेक करून

शुक्रापासून सुरुवात करा. सूर्य आणि चंद्र सोडले तर आकाशात त्याच्याइतकं ठळक काही नाही. शुक्राची चांदणी म्हणतात ती हीच. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या आत असल्यामुळे तो सूर्यापासून कधीही ४७ अंशांपेक्षा, म्हणजे पाच मुठींपेक्षा लांब जात नाही. त्यामुळे तो एकतर संध्याकाळी पश्चिमेला असतो नाहीतर पहाटे पूर्वेला, मध्यरात्री डोक्यावर कधीच नाही. काही महिने संध्याकाळी दिसायचा, मग सूर्याच्या उजेडात बुडायचा, पुन्हा पहाटे उगवायचा, असा हा फेरा ५८४ दिवसांचा आहे. असे पाच फेरे झाले की जवळजवळ नेमकी ८ वर्षं होतात. म्हणजे या वर्षी एखाद्या तारखेला शुक्र ज्या ताऱ्यांजवळ दिसला, तिथेच तो ८ वर्षांनी त्याच सुमारास दिसेल. वहीवर तारीख नीट टाका, ही नोंद पुढे उपयोगी पडते.

त्याचा झगमगाट ढगांमुळे आहे. शुक्रावर गंधकाम्लाच्या थेंबांचे दाट ढग आहेत आणि ते सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत फेकतात. ढगांखाली मात्र भट्टी आहे. कार्बन डायऑक्साईडचं वातावरण उष्णता कोंडून ठेवतं, त्यामुळे पृष्ठभागाचं तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या वर आणि हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट. सूर्याच्या अगदी जवळ असलेला बुधसुद्धा इतका तापत नाही. १९८२ मध्ये तिथे उतरलेलं सोव्हिएत यान व्हेनेरा १३ फक्त १२७ मिनिटं तग धरून होतं, आणि तेवढ्या वेळात त्यानं खडकाळ जमिनीची रंगीत छायाचित्रं पाठवली. आकाराच्या बाबतीत शुक्र पृथ्वीची जुळी बहीण शोभेल: १२,१०४ किलोमीटर व्यास, पृथ्वीचा १२,७५६. एवढं साम्य असून एकीवर समुद्र आणि दुसरीवर शिसं वितळेल अशी उष्णता!

गुरू ओळखणं त्यानंतर सोपं. शुक्र नसेल तर रात्रीच्या आकाशातला सर्वांत ठळक स्थिर ठिपका बहुधा गुरूच. व्याध हा सर्वांत तेजस्वी तारा, पण गुरू त्याच्यावर मात करतो. तो पृथ्वीच्या बाहेरच्या कक्षेत असल्यामुळे मध्यरात्रीही डोक्यावर येऊ शकतो. त्याचा रंग पांढरा, किंचित पिवळसर. बाकी सगळ्या ग्रहांचं मिळून जेवढं वस्तुमान भरतं त्याच्या अडीचपट एकट्या गुरूचं आहे, आणि एवढं धूड असूनही तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो. त्यामुळे तो मध्यावर फुगला आहे. साध्या टेलिस्कोपमधूनही हा चपटेपणा डोळ्याला जाणवतो.

मंगळ हा सगळ्यांत फसवा. कधी तो गुरूला मागे टाकतो, तर कधी चारचौघांसारखा साधा तारा वाटतो. दर २६ महिन्यांनी पृथ्वी त्याला आतल्या बाजूनं ओलांडते, तेव्हा तो आपल्या जवळ आणि सूर्याच्या बरोबर समोर असतो. याला प्रतियुती म्हणतात. ऑगस्ट २००३ मध्ये तो सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, आणि सूर्यापलीकडे गेला की तो ४० कोटी किलोमीटरपर्यंत लांब जातो. त्या २००३ च्या घटनेवरून ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ असा निरोप अजूनही फिरत असतो. तो खोटा आहे. नुसत्या डोळ्यांना मंगळ ठिपकाच दिसतो, अगदी जवळ आला तरी.

मंगळाचा रंग गंजाचा आहे, शब्दशः. तिथली माती लोहाच्या ऑक्साईडनं तांबडी झाली आहे. पण रंगावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. सुरुवातीला मी एक अख्खा महिना ज्येष्ठेला मंगळ समजून नोंदी केल्या. त्या सलग चित्रांत ‘मंगळ’ शेजारच्या ताऱ्यांपासून तसूभरही हलला नव्हता, आणि मग चूक लक्षात आली. पाश्चात्त्यांनी या ताऱ्याला अँटारेस हे नाव दिलं ते याच साम्यामुळे: मंगळाचा प्रतिस्पर्धी. तेव्हापासून मी पक्का नियम केला, हलल्याशिवाय ग्रह म्हणायचं नाही.

शनी शांत आहे. ठळक ताऱ्याइतकाच तेजस्वी, पिवळट, आणि इतका सावकाश की वर्षभरात जेमतेम १२ अंश सरकतो. सूर्याभोवतीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. एका राशीत अडीच वर्षं मुक्काम, त्यामुळे एकदा सापडला की हरवत नाही.

बुधासाठी चिकाटी लागते. तो सूर्यापासून फार तर २८ अंश लांब जातो, म्हणून कायम संधिप्रकाशात असतो. वर्षातून काही वेळाच, एकेकदा आठवडा-दोन आठवडे, तो दिसण्याजोगा असतो. सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासानं, मोकळ्या पश्चिम क्षितिजावर, एक-दीड मूठ वर शोधा. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय द्विनेत्री (बायनॉक्युलर) डोळ्याला लावू नका, आणि पहाटे शोधत असाल तर सूर्य उगवायच्या आधीच ती खाली ठेवा. द्विनेत्रीतून किंवा टेलिस्कोपमधून सूर्य एक क्षण दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. या एका बाबतीत कुणालाही सूट देऊ नका, मुलांना तर मुळीच नाही.

चौथी पायरी: वहीत ग्रह चालवा

मला विचाराल तर संपूर्ण लेखातली हीच पायरी सर्वांत महत्त्वाची. ग्रह सापडला की त्याच्या भोवतालचे पाच-सहा तारे आणि मधे ग्रह, असं चित्र काढा. अंतरं करंगळीनं आणि मुठीनं मोजा. तारीख, वेळ आणि हवा कशी होती ते लिहा. पाच-सहा दिवसांनी तेच चित्र पुन्हा काढा. चित्र सुबक नसलं तरी चालतं, अंतरं मात्र प्रामाणिक हवीत. स्टेलॅरियमसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पडताळणीला उत्तम आहे, पण आधी स्वतः काढा आणि मग ताडून पाहा.

मंगळ प्रतियुतीच्या जवळ असेल तेव्हा तीन-चार महिने हे करा. तो पूर्वेकडे सरकत असतो, मग मंदावतो, थबकतो, आणि उलटा पश्चिमेकडे चालू लागतो. काही आठवड्यांनी पुन्हा थबकून पूर्ववत मार्गी लागतो. ग्रह वक्री झाला म्हणतात तो हाच प्रकार. प्रत्यक्षात मंगळ मागे फिरत नाही. शेजारच्या रुळावरून सावकाश जाणाऱ्या गाडीला आपली गाडी ओलांडते तेव्हा ती क्षणभर मागे जाताना वाटते ना, तसंच. पृथ्वी आतल्या रुळावर आहे आणि वेगानं धावते आहे. हा साधा खुलासा मान्य व्हायला माणसाला फार काळ लागला. पृथ्वी स्थिर धरली की या उलट्या चालीसाठी वर्तुळावर वर्तुळं रचावी लागत होती. कोपर्निकसनं १५४३ मध्ये सूर्य मध्यभागी ठेवला आणि ती चाल आपोआप उलगडली.

पाचवी पायरी: द्विनेत्री आणि गुरूचे चार चंद्र

७×५० किंवा १०×५० अशी द्विनेत्री पुरते. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. याहून जास्त पटीची द्विनेत्री हातात स्थिर राहत नाही. कोपर भिंतीवर टेकवा, खुर्चीच्या पाठीवर ठेवा, काहीही करा, पण ती हलता कामा नये.

गुरूकडे वळवा. थरथर थांबली की मधे पांढरी इवलीशी चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना, एकाच सरळ रेषेत, टाचणीनं टोचल्यासारखे प्रकाशाचे दोन, तीन किंवा चार ठिपके. पहिल्या रात्री मला तीन दिसले, दोन डावीकडे आणि एक उजवीकडे. दुसऱ्या रात्री चार होते आणि डावीकडे एकच उरला होता. तिसऱ्या रात्री आदल्या दिवशीचा सर्वांत लांबचा ठिपका आणखी लांब गेला होता. तीन ओळींची तीन चित्रं. ती खालीवर ठेवून बघितली आणि अंगावर काटा आला, कारण ठिपके गुरूभोवती फिरत होते आणि ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होतो.

गॅलिलिओनं ७ जानेवारी १६१० च्या रात्री हेच पाहिलं. त्यालाही आधी ते तारे वाटले आणि त्यानंही ठिपक्यांच्या अशाच ओळी काढल्या. आठवडाभरात त्याला कळलं की हे गुरूचे चंद्र आहेत. म्हणजे विश्वात सगळंच काही पृथ्वीभोवती फिरत नाही.

तुम्ही चार आठवडे नोंदी ठेवल्यात तर चंद्र वेगळे ओळखता येतील. आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, युरोपा साडेतीन, गॅनिमीड सात दिवसांहून थोड्या अधिक वेळात, आणि कॅलिस्टो जवळपास सतरा दिवसांत. पहिल्या तिघांचे आकडे शेजारी मांडा, प्रत्येक पुढचा मागच्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. तिघे एकमेकांना ठरावीक वेळानं ओढत राहतात आणि त्या ओढाताणीत आयोचं पोट कणकेसारखं इतकं मळलं जातं की तो सूर्यमालेतला सर्वांत धगधगता ज्वालामुखीचा गोळा झाला आहे. गॅनिमीड तर बुधापेक्षा मोठा आहे. कॅलिस्टो गुरूपासून सर्वांत लांब जातो, म्हणून नवशिक्यानं आधी त्याला धरावं. आयो गुरूच्या झगमगाटात द्विनेत्रीतून बरेचदा हरवतो.

याच आयोनं प्रकाशाचा वेग मोजायला मदत केली. आयो गुरूच्या सावलीत शिरण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. पण पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना या वेळा उशिरा पडतात आणि जवळ येताना लवकर, हे ओल रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. प्रकाशाला जास्तीचं अंतर कापायला वेळ लागतो, असा निष्कर्ष त्यानं १६७६ मध्ये मांडला. त्याआधी प्रकाश तत्क्षणी पोचतो, असं मानणारे विद्वान थोडेथोडके नव्हते.

शुक्रही द्विनेत्रीतून बघा. तो संध्याकाळच्या आकाशातून खाली उतरत सूर्याकडे येऊ लागला की पृथ्वीच्या जवळ आलेला असतो आणि चंद्रकोरीसारखा दिसतो. स्थिर धरलेल्या द्विनेत्रीत ही बारीक कोर स्पष्ट दिसते. आकाश पुरतं काळं होण्याआधी बघा, नाहीतर झगमगाटात आकार हरवतो.

टेलिस्कोप घ्यायचा असेल तर

खोक्यावर ‘५२५ पट’ वगैरे छापलेलं असेल तर ते खोकं खाली ठेवा. असाच एक टेलिस्कोप मी सुरुवातीला घेतला होता, त्यातून गुरू हलणाऱ्या धुरकट डागासारखा दिसायचा. पट वाढवली म्हणून तपशील वाढत नाही. तपशील भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर अवलंबून असतो. व्यास जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट पट, ही व्यवहारातली वरची मर्यादा धरा. ७० मिलिमीटरचं भिंग असलेला किंवा ११४ ते १५० मिलिमीटरचा आरसा असलेला, आणि मुख्य म्हणजे दणकट तिवई असलेला टेलिस्कोप घ्या. पट काढायची रीत सोपी आहे: भिंगाच्या नाभीय अंतराला (भिंगापासून किरण एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर) नेत्रिकेच्या, म्हणजे डोळ्याकडच्या छोट्या भिंगाच्या, नाभीय अंतरानं भागा. ७०० ला २५ नं भागलं की २८ पट.

आणि २८ पट शनीच्या कड्यांना पुरते. पहिल्यांदा शनी बघणाऱ्याच्या तोंडून काहीतरी उद्गार निघतोच, मी अजून एकही अपवाद पाहिलेला नाही. गॅलिलिओला मात्र १६१० मध्ये शनीला दोन्ही बाजूंना कान असावेत तसं काहीतरी दिसलं, आणि १६१२ मध्ये ते कान गायब झाले. तो चक्रावून गेला. कडी आपल्याला दर पंधराएक वर्षांनी नेमकी धारेवरून दिसतात, आणि ती इतकी पातळ आहेत की तेव्हा जवळजवळ नाहीशी होतात. १६५९ मध्ये ख्रिस्तिआन हायगेन्सनं शनीभोवती पातळ चपटं कडं आहे असा खुलासा छापला. अलीकडे कडी अशी धारेवर मार्च २०२५ मध्ये आली होती, त्यानंतर ती हळूहळू उघडत आहेत. मुख्य कड्यांचा पसारा सुमारे २ लाख ८० हजार किलोमीटर, आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस-तीस मीटर. त्याच प्रमाणात साधा कागद घेतला तर तो जवळपास एक किलोमीटर रुंद पसरावा लागेल.

सहावी पायरी: सूर्यमाला जमिनीवर मांडा

पुस्तकातलं ग्रहांचं चित्र हमखास दिशाभूल करतं, कारण पानावर आकार आणि अंतर दोन्ही एका मापात मावत नाहीत. त्याला मोठं मैदान किंवा सरळ रस्ता लागतो. माप असं धरा: १ लाख किलोमीटर म्हणजे १ सेंटिमीटर.

सूर्य झाला १४ सेंटिमीटरचा चेंडू. तो ठेवा आणि चालायला लागा. ५.८ मीटरवर बुध, अर्ध्या मिलिमीटरचा, पेन्सिलीनं टेकवलेला ठिपका. १०.८ मीटरवर शुक्र आणि १५ मीटरवर पृथ्वी, दोन्ही टाचणीच्या डोक्याहून किंचित लहान. चंद्र पृथ्वीपासून पावणेचार सेंटिमीटरवर. माणूस आजवर जास्तीत जास्त जिथे जाऊन आला ते अंतर इतकंच. मंगळ २३ मीटरवर. पुढे बराच वेळ काही नाही, नुसती लघुग्रहांची विरळ धूळ, आणि ७८ मीटरवर गुरू: एक गोटी. शनी १४३ मीटरवर, जराशी लहान गोटी. युरेनस २८७ मीटरवर आणि नेपच्यून ४५० मीटरवर, अर्ध्या सेंटिमीटरचे दोन मणी.

तिथे उभं राहून मागे वळा. तो चेंडू दिसतो का बघा. सूर्यमालेतलं ९९ टक्क्यांहून जास्त वस्तुमान त्या चेंडूत आहे, आणि बाकी सगळं या अर्ध्या किलोमीटरभर पसरलेल्या दोन गोट्या, दोन मणी आणि चार ठिपक्यांत. या मापात प्रकाश सेकंदाला ३ सेंटिमीटर चालतो, मुंगीच्या चालीनं. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला त्याला ८ मिनिटं २० सेकंद लागतात आणि नेपच्यूनपर्यंत चार तासांहून जास्त. मुलांना घेऊन हे करा आणि एकाला खरोखर प्रकाश व्हायला सांगा. सेकंदाला तीन सेंटिमीटर या वेगानं पंधरा मीटर सरकताना जो कंटाळा येतो, तो अंतर शिकवायला पुरेसा आहे. आणि सर्वांत जवळचा दुसरा तारा? याच मापात तो सुमारे ४,००० किलोमीटरवर आहे.

मैदानावर मांडणी झाली की ग्रहांचे दोन घोळके आपोआप दिसतात. आत चार लहान आणि खडकाळ, बाहेर चार अवाढव्य. जन्मलेल्या सूर्याजवळ इतकी उष्णता होती की तिथे फक्त खडक आणि धातू घट्ट राहू शकले, आणि असा माल कमी होता. मंगळ आणि गुरूच्या दरम्यान कुठेतरी एक रेषा होती, तिच्यापलीकडे पाण्याचं बर्फ होत होतं. बर्फाचा माल मुबलक. त्याचे मोठे गाभे जमले आणि त्यांनी भोवतालचा हायड्रोजन आणि हेलियम ओढून घेतला. शनी या हलक्या मालाचा इतका बनलेला आहे की त्याची सरासरी घनता पाण्यापेक्षाही कमी आहे.

शेवटची पायरी: जे डोळ्यांना दिसत नाहीत

युरेनस अगदी काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांच्या सीमेवर आहे, द्विनेत्रीतून मात्र नकाशा घेऊन नक्की सापडतो. विल्यम हर्शेलला तो १३ मार्च १७८१ रोजी सापडला, आणि त्यालाही तो आधी धूमकेतू वाटला. हा ग्रह आडवा पडून फिरतो. त्याचा आस ९८ अंश कललेला आहे, त्यामुळे ८४ वर्षांच्या फेरीत त्याच्या प्रत्येक ध्रुवावर सुमारे ४२ वर्षं दिवस आणि ४२ वर्षं रात्र असते.

नेपच्यून आधी कागदावर सापडला. युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता, कुणीतरी त्याला ओढत होतं. अर्बें ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञानं त्या अज्ञात ग्रहाची जागा गणितानं काढली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री योहान गाले यानं बर्लिनच्या वेधशाळेतून टेलिस्कोप वळवला. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत ग्रह होता. तुमच्या करंगळीच्या रुंदीइतकी चूक! या दोन्ही ग्रहांजवळून आजवर एकच यान गेलं आहे, व्हॉयेजर २: युरेनसजवळून १९८६ मध्ये आणि नेपच्यूनजवळून १९८९ मध्ये. १९३० मध्ये सापडलेला प्लूटो आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं २००६ मध्ये बटुग्रहांत घातला, कारण त्याच्या परिसरात त्याच्यासारखे बर्फाळ गोळे पुष्कळ आहेत. तो बघायला मोठा टेलिस्कोप लागतो, आपल्या वहीत त्याची जागा रिकामी राहिली तरी चालेल.

नेपच्यूनसाठी स्थिर द्विनेत्री, काळोखं आकाश आणि चांगला नकाशा हवा. तो ताऱ्यासारखाच दिसतो. ओळखायचा उपाय एकच, चौथ्या पायरीतला: भोवतालचे सगळे ठिपके काढा, आठवड्यानं पुन्हा काढा, आणि कोण हललं ते बघा. ‘सगळे’ या शब्दावर माझा भर आहे, अनोळखी आणि बिनमहत्त्वाचे वाटणारेसुद्धा. गॅलिलिओ २८ डिसेंबर १६१२ रोजी गुरूच्या चंद्रांची चित्रं काढत होता, तेव्हा त्यानं शेजारचा एक फिकट ठिपका तारा म्हणून टिपला. जानेवारीच्या अखेरीस तो त्याला पुन्हा दिसला, आणि २८ जानेवारी १६१३ च्या नोंदीत त्यानं लिहिलं की आदल्या रात्रीच्या मानानं हा तारा शेजारच्या ताऱ्यापासून जरा सरकलेला वाटतो. त्यानंतर त्यानं तो धागा सोडून दिला. तो ठिपका नेपच्यून होता, सापडायच्या २३३ वर्षं आधी.